वॉर्डाचं नियोजन आणि पोरंटोरं : टेप, काठी, नकाशा, मतपेटी

ओटलेकर (धागाकर्ता)

झांकीचा (देखाव्यांच्या मिरवणुकीचा) रस्ता, लाइटचा लोड, वर्गणीचा हिशोब, पोलीस परवानगी. गणपतीत हे सगळं सोळा-सतरा वर्षांची पोरं सांभाळतात. त्याच पोरांच्या कॉलनीतला बगीचा नव्याने करायचा निघाला की त्यांना कुणी एका शब्दाने विचारत नाही. विचारलंच तर चित्रकला स्पर्धा ठेवतात, 'माझ्या स्वप्नातलं इंदूर'. पहिलं बक्षीस उडत्या बसला मिळतं आणि बगीचा ठेकेदाराच्या सवयीप्रमाणे होतो.

एक बगीचा आणि तिथून शाळेपर्यंतचा ३०० मीटर रस्ता, एवढंच काम डोळ्यापुढे ठेवून लिहितोय. अख्ख्या वॉर्डाला एकदम हात घातला की हाती नुसत्या घोषणा लागतात.

पहिलं काम पोरांना बोलावण्याचं नाही. आधी निगमच्या (महापालिकेच्या) उपयंत्र्यांना गाठा आणि एका कागदावर तीन रकाने भरून घ्या : काय ठरून गेलंय, काय अजून ठरायचंय, काय कुणाच्याच हातात नाही. बोअरवेलची जागा, पाण्याची लाइन, जुनी झाडं ही बहुधा पहिल्या रकान्यात जातात. पायवाट कुठून न्यायची, बाकं कुठे, दिव्याचे खांब कुठे, फाटकं किती आणि कुठल्या बाजूला, झोपाळे की मोकळी जागा, हे दुसऱ्यात. दुसरा रकाना रिकामा निघाला तर कार्यक्रम रद्द करा. एस्टिमेट मंजूर झाल्यावर पोरांना विचारणं म्हणजे लग्न लागल्यावर मुलगी पसंत आहे का विचारण्यासारखं आहे.

वेळापत्रक उलटं मोजावं लागतं. निगमचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणजे वॉर्डाच्या मागण्या डिसेंबरपर्यंत कागदावर हव्यात. बोर्डाची पोरं जानेवारीपासून हाताला लागत नाहीत. म्हणून पाणी कुठे तुंबतं ते जुलै-ऑगस्टमध्ये टिपायचं, मोजणी गणपतीनंतर, बैठक दिवाळीनंतर लगेच, निवेदन डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. पावसाळा हुकला तर पाण्याचा नकाशा पुढच्या वर्षावर जातो, त्याला इलाज नाही.

२४ मुलं पुरेत. सहा-सहाचे चार गट, प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस, त्याचं काम फक्त रहदारीकडे लक्ष ठेवणं. एक फेरी दीड तासाची, त्यापुढे लक्ष उडतं.

नकाशा, मोजणी, मतदान यांवर जाणकारांनी भर घालावी.

फूटपट्टी

नकाशावर लिहितो, कारण निम्मे प्रकल्प तिथेच फसतात.

प्रमाण १:५०० घ्या. म्हणजे कागदावरचा १ सेंटीमीटर जमिनीवर ५ मीटर. ३०० मीटरचा रस्ता ६० सेंटीमीटरमध्ये बसतो आणि ए-१ कागद लांबीला ८४ सेंटीमीटर असतो, तेव्हा बगीच्यालाही जागा उरते. १:२००० घेतला तर तोच रस्ता १५ सेंटीमीटरचा होतो आणि बाक दाखवायला टाचणीचं टोक लागतं.

मूळ नकाशा कॉलनीच्या मंजूर ले-आउटवरून घ्या. रहवासी संघाकडे असतो, नाहीतर नगर तथा ग्राम निवेश (नगररचना) कार्यालयातून नक्कल काढावी लागते. त्यावर आजचे खांब, विजेच्या डीपी, झाडं, ओटे पोरांनी भरायचे. ले-आउटमध्ये मोकळी दाखवलेली जागा प्रत्यक्षात भिंतीआड गेली असेल तर ती याच वेळी उघडी पडते, आणि मग मोठ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

प्रिंटच्या दुकानात एक चूक हमखास होते. ऑपरेटर नकाशा पानात बसवून देतो आणि प्रमाण बिघडतं. म्हणून नकाशावर ५० मीटरची मोजपट्टी छापलेली हवी. प्रिंट हातात आली की तिथेच फूटपट्टी लावा. ती १० सेंटीमीटर भरली पाहिजे, ९.४ भरली तर प्रिंट परत.

भिंतीवर टांगू नका, जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर पसरा. टांगलेल्या नकाशापुढे एक जण शिकवतो आणि बाकीचे ऐकतात. पसरलेल्या नकाशाभोवती सगळे वाकतात. उत्तर दिशा खरोखरच्या उत्तरेकडे करून ठेवा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मग आपलं घर शोधायला अर्धं मिनिट लागतं, एरवी पाच मिनिटं जातात.

सायकल_दुरुस्ती

मोजणीचं सामान साधं आहे : ३० मीटरचा फायबर टेप, चुन्याची पुडी, दोन स्टॉपवॉच (मोबाइल चालेल), पुठ्ठ्याची पाटी, पेन्सिल आणि दोन काठ्या.

काठी क्रमांक एक, बरोबर १.८ मीटरची बांबूची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी १०३, २०१२) फुटपाथची अडथळ्यांशिवाय मोकळी रुंदी किमान १.८ मीटर सांगितली आहे. दोन मुलांनी काठी आडवी धरून फुटपाथवरून चालायचं. काठी जिथे अडेल तिथे नकाशावर लाल फुली आणि अडवणाऱ्या वस्तूचं नाव : डीपी, दुकानाची पायरी, उभी स्कूटर, होर्डिंगचा खांब. टेपने रुंदी मोजत बसलं तर ३०० मीटरला दुपार जाते. काठीने वीस मिनिटांत आटपतं आणि बघणाऱ्यालाही कळतं काय चाललंय.

काठी क्रमांक दोन, १५ सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा. फुटपाथची कड त्याहून उंच नसावी असं तीच मार्गदर्शिका म्हणते. ठोकळा शेजारी ठेवला आणि कड वर डोकावली की फुली. फुटपाथ ओस आणि म्हातारी माणसं, बाबागाड्या रस्त्यावर, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं.

आता रस्ता ओलांडण्याचा वेळ. इथे थोडं सावकाश जा. निवांत गल्लीत ३० मीटर सरळ जागा घ्या. पाचव्या आणि पंचविसाव्या मीटरवर चुन्याची रेघ मारा. मूल शून्यापासून चालायला लागतं, पण घड्याळ पहिल्या रेघेवर सुरू आणि दुसऱ्या रेघेवर बंद. मधले २० मीटरच मोजायचे, म्हणजे सुरुवातीची चुळबुळ आणि शेवटची धाव दोन्ही गळतात. प्रत्येकाला दप्तरासकट तीनदा चालवा आणि पहिली वेळ टाकून द्या. घड्याळ दिसलं की पोरं शर्यत लावतात. तिसऱ्या वेळी कंटाळून खरं चालतात.

उदाहरणादाखल धरा, २० मीटरला २२ सेकंद लागले. वेग झाला सेकंदाला साधारण ०.९ मीटर. रस्ता १४ मीटर रुंद असेल तर ओलांडायला साडेपंधरा सेकंद. सिग्नलचा हिरवा माणूस १२ सेकंद राहत असेल तर मूल १०.८ मीटरवर पोचलेलं असतं आणि ३.२ मीटर रस्ता बाकी असताना गाड्या सुटतात. पादचारी सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून हिशोब केला तर हेच १४ मीटर १२ सेकंदांत पार होतात. म्हणजे कागदावर सिग्नल बरोबर आहे. फक्त तो दप्तर पाठीवर नसलेल्या मोठ्या माणसासाठी बरोबर आहे. ही एक ओळ आणि मुलांच्या वेळांचा तक्ता, एवढ्यावर वाहतूक विभागाशी बोलता येतं. 'इथे फार धोका आहे' या वाक्यावर येत नाही.

राजवाडा_ते_रीगल

पण पोरांना विचारलं की सगळी क्रिकेटचं मैदान आणि फुकट वायफाय मागतात. याचं काय करायचं?

ओटलेकर

भिया, प्रश्न 'तुम्हाला काय हवं' असा असेल तर उत्तर तेच येणार. मोठ्यांना विचारा, ते पार्किंग मागतील. विचारायचं असं : रोज कुठे थांबता? कुठून वळसा घालता आणि का? कुठली जागा संध्याकाळी सातनंतर टाळता? घरच्यांनी कुठे जायला मनाई केलीय? याची उत्तरं नकाशावर ठिपक्यांनी भरून घ्यायची : हिरवा थांबण्याचा, लाल टाळण्याचा, पिवळा वळशाचा. पिवळे ठिपके सगळ्यात कामाचे. आठ पोरं एकाच जागी वळसा घालत असतील तर तिथे उघडी नाली, कुत्री, नाहीतर पत्त्यांचा अड्डा, काहीतरी निघतंच.

आणि तक्रार वेगळी, मागणी वेगळी. खांबावरचा दिवा बंद आहे ही तक्रार, ती निगमच्या तक्रारींच्या इंदूर ३११ अॅपवर त्याच दिवशी टाकायची. तिथे खांबच नाही, ही नियोजनाची गोष्ट. दोन्ही एका निवेदनात घातल्या की अधिकारी दिवा बदलतो आणि 'निराकरण झाले' लिहून अख्खं निवेदन बंद करतो.

गच्चीवरून

ओटलेकर, तुमच्या २४ मुलांत मुली किती आणि कशा येणार हे लिहिलंच नाहीत. मंडळातून पोरं गोळा केलीत तर वीस मुलगे आणि कुणाच्या तरी चार बहिणी मिळतील.

व्हिएन्नात नव्वदच्या दशकात बागांची पाहणी झाली तेव्हा दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली सार्वजनिक बागांतून दिसेनाशा होतात. पुढे १९९९ मध्ये तिथल्या दोन बागा त्या दृष्टीने बदलल्या : एक मोठं मैदान असतं तिथे छोटे-छोटे भाग, बसायला वेगवेगळ्या जागा, चांगला उजेड, मोकळं दिसणारे रस्ते. मुली परत आल्या. आपल्या बगीच्यांत मधलं मैदान क्रिकेटवाले घेतात आणि कडेची बाकं पेन्शनर मंडळी. तेरा वर्षांच्या मुलीने उभं कुठे राहायचं?

करायचं ते असं. पहिली फेरी मुलींची वेगळी. मिश्र गटात पेन मुलीच्या हातात असतं (अक्षर चांगलं म्हणून) आणि बोलतो मुलगा. दुसऱ्या फेरीत एकत्र आणा, तेव्हा त्यांचे मुद्दे आधीच नकाशावर असतात. वेळ ट्यूशनच्या वेळेला जोडून ठेवा, घरून वेगळी परवानगी मागावी लागत नाही.

डोकी मोजा. सकाळी सव्वासात, दुपारी एक, संध्याकाळी सहा आणि रात्री आठ, प्रत्येक वेळी १५ मिनिटं, एक कामाचा दिवस आणि एक रविवार. रकाने : मुलगी, मुलगा, बाई, पुरुष, आणि प्रत्येक जण बसलाय, चालतोय की खेळतोय. सहाला मुली आहेत आणि आठला एकही नाही असं निघालं तर पुढचा प्रश्न उजेडाचा. मोबाइलमधल्या लक्स मीटरवर विसंबू नका, दोन फोन दोन आकडे दाखवतात. १० मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा ओळखू येतो का, एवढं बघा आणि नकाशावर हो-नाही लिहा.

फाटक एकच असेल तर दुसरं मागा. दारात टोळकं उभं असलं की एका फाटकाचा बगीचा मुलींसाठी बंदच असतो.

सायकल_दुरुस्ती

+१. डोकी मोजायचं माझ्याकडून राहिलं होतं.

झोनची_फाइल

फाइल कशी चालते ते न कळल्यामुळे चांगली निवेदनं वाया जातात.

निवेदन दोन पानांचं. पहिल्या पानावर जास्तीत जास्त पाच मागण्या, प्रत्येकीपुढे जागा (नकाशावरचा क्रमांक), माप, संख्या. 'पुरेशी प्रकाशव्यवस्था' असं लिहू नका, 'क्रमांक ४ आणि ७ येथे नवे खांब, एकूण २' असं लिहा. उपयंत्र्यांना एस्टिमेट एसओआरच्या (सरकारी दरसूचीच्या) दराने बाब-बाब करून बनवायचं असतं. ज्याला संख्या नाही त्याची बाब होत नाही, ज्याची बाब नाही त्याला पैसे नाहीत. दुसऱ्या पानावर मोजणीचा तक्ता, सोबत नकाशा. एक प्रत पार्षदांना (नगरसेवकांना), एक झोन कार्यालयात, दोन्हींवर आवक क्रमांक आणि तारीख. आवक क्रमांक नसलेला कागद म्हणजे रद्दी. पुढे हालचाल दिसली नाही तर तो क्रमांक घेऊन मंगळवारच्या जनसुनवाईत (तक्रारींच्या जाहीर सुनावणीत) जाता येतं.

एकदाच होणारा खर्च आणि दरवर्षीचा खर्च वेगळे ठेवा. बाक, खांब, फाटक एकदाच. माळी, चौकीदार, साफसफाई दरवर्षी. पहिल्या प्रकाराला होकार मिळणं सोपं असतं. बॉस्टन शहराने २०१४ मध्ये १२ ते २५ वयाच्या मुला-तरुणांच्या हाती १० लाख डॉलर दिले, तेही एकदाच होणाऱ्या कामांसाठीच. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे, तिथलेही प्रस्ताव बहुतेक फुटपाथ, दिवे, बाकं असल्याच छोट्या कामांचे.

कायद्याचं म्हणाल तर ३ लाखांवर वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असं घटनेचं कलम २४३-एस सांगतं. इंदुरात वॉर्ड ८५ आहेत, तेव्हा एक समिती पुष्कळ वॉर्डांची मिळून होते आणि एका बगीच्याचा विषय तिथे बुडतो. बगीच्यासाठी पार्षद आणि उपयंत्री हीच दोन दारं.

मास्टर प्लॅनचा (शहराच्या विकास आराखड्याचा) मार्ग वेगळा. मध्य प्रदेश नगर तथा ग्राम निवेश अधिनियम, १९७३ प्रमाणे मसुदा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत मुलं गोळा करायला निघालात तर संपलंच. मोजणी आणि नकाशा आधीपासून तयार असेल तरच जमतं. एका अर्जात एकच मुद्दा, नकाशाचा आणि परिच्छेदाचा क्रमांक घालून. सही मोठ्या माणसाची, जोडपत्र मुलांचं, म्हणजे वयावरून कुणी अडवत नाही.

जुनं_इंदूर

अवांतर, पण फार नाही. स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांचा होळकर दरबारासाठीचा नगररचना अहवाल १९१८ चा. आधी पाहणी, मग योजना हा त्यांचा हेका. प्लेगच्या त्या काळात त्यांनी तुकोजीराव होळकरांच्या संमतीने दिवाळीची मिरवणूक काढवली. तिच्यात भला मोठा उंदीर होता, आणि मिरवणूक कुठून जाणार हे आधी जाहीर केलं नव्हतं. ज्या भागातली घरं-गल्ल्या सर्वांत स्वच्छ होतील तिथून ती जाणार, एवढंच सांगितलं. गल्ल्या झाडून निघाल्या.

पोरांच्या कामाशी संबंध असा की लोकांनी जे केलं त्यावर मिरवणुकीचा रस्ता खरोखर बदलला. आपण पोरांना बोलावतो तेव्हा त्यांच्या म्हणण्याने नेमकं काय बदलणार, हे त्यांना पहिल्या दिवशी सांगता आलं पाहिजे.

गच्चीवरून

रॉजर हार्ट यांची १९९२ ची मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी याचसाठी वापरतात. खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं, नावापुरतं बोलावणं, यांना ते सहभाग मानतच नाहीत. टी-शर्ट घालून रॅलीत चालवणं दुसऱ्या पायरीवर. स्वच्छतेच्या निमित्ताने आपल्या शहरात ही दुसरी पायरी सगळ्यांना पाठ झाली आहे. मुलांशी संबंधित बाबींत त्यांचं मत ऐकलं जावं हे संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेच्या १२ व्या कलमात आहे आणि भारताने ती १९९२ मध्येच मान्य केली. पण निवेदनात हे कलम घालू नका. उपयंत्र्यांना खांबांची संख्या हवी असते.

कमाटीबाग

बडोद्याहून. आमच्याकडे टीपी स्कीमची (नगररचना योजनेची) गंमत वेगळी. मसुदा योजनेच्या बैठकीला जमीनमालकांना बोलावतात, मुलांची जमीन नसते, त्यामुळे त्यांचं कुणी नसतं. पण बगीचा, शाळा, मैदान यांचे प्लॉट त्याच टप्प्यावर ठरतात. सोसायटीच्या मंडळींनी मसुद्याच्या नकाशावर फक्त दोन गोष्टी बघाव्या : बगीच्याचा प्लॉट मोठ्या रस्त्याच्या पलीकडे गेलाय का, आणि शाळा व बगीचा यांच्यामध्ये किती रस्ते ओलांडावे लागतात. आक्षेप घ्यायला महिनाभर मिळतो. प्लॉट एकदा पक्का झाला की मग झोपाळ्याचा रंगच निवडायचा उरतो.

राजवाडा_ते_रीगल

मतदान कसं घ्यायचं? नकाशावर टिकल्या चिकटवून?

फूटपट्टी

टिकल्या समस्या दाखवायला ठीक, निवडीला नाही. पहिल्या पाच टिकल्या जिथे पडतात तिथेच पुढच्या वीस जातात, आणि पहिली टिकली मंडळाच्या अध्यक्षाच्या धाकट्या भावाची असते.

बंद डबे घ्या, प्रत्येक मागणीला एक. झाकणाला फट पाडलेले मिठाईचे डबे चालतात. प्रत्येक मुलाला २० चिंचोके. एका डब्यात १० पेक्षा जास्त टाकायचे नाहीत. चिंचोक्यांबरोबर एकेक चिठ्ठीही टाकायची, म्हणजे किती जणांनी टाकले तेही कळतं. डब्यावर उपयंत्र्यांकडून घेतलेली खर्चाची तुलना लिहा : बाक १, खांब ४, दुसरं फाटक ६ असं काहीतरी. रुपये लिहू नका, पुढच्या निविदेत आकडा बदलला की 'तुम्ही एवढंच म्हणाला होता' सुरू होतं.

मोजताना दोन आकडे काढा. समजा क्रिकेटच्या जाळीला १६ मुलांनी १०-१० टाकले, झाले १६०. मागच्या बाजूच्या खांबाला ४० मुलांनी ३-३ टाकले, झाले १२०. नुसती बेरीज पाहिली तर जाळी जिंकली. माणसं पाहिली तर खांब. दोन्ही आकडे फळ्यावर लिहून त्यावर अर्धा तास भांडू द्या. जाळी कोपऱ्यात, आडवी, संध्याकाळी सातपर्यंत, असले तोडगे त्या भांडणातूनच निघतात.

(४० म्हणजे मोजणीच्या गटापेक्षा जास्त मुलं. मतदान सगळ्या कॉलनीच्या मुलांसाठी खुलं ठेवा.)

झोनची_फाइल

एक सावधगिरी. गूगल फॉर्म बनवून त्यात मुलांचं नाव, शाळा, मोबाइल, पत्ता मागणं सगळ्यांनाच सुचतं. करू नका. २०२३ चा व्यक्तिगत माहिती संरक्षणाचा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरतो आणि पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घालतो. नियोजनाला नाव लागतच नाही. वयाचा गट, मुलगी की मुलगा, आणि घर बगीच्याच्या कुठल्या बाजूला, एवढं पुरे. फोटो पाठमोरे किंवा हातांचे. पालकांची सही कागदावर घ्या आणि काम संपलं की कागद संघाच्या कपाटात, व्हॉट्सअॅपवर नाही.

ओटलेकर

सगळ्यांचे मुद्दे मूळ आराखड्यात घालतो. शेवटचा टप्पा माझ्याकडून राहिला होता : उत्तर. डिसेंबरात निवेदन दिलं की जानेवारीअखेर बगीच्याच्या फाटकावर एक पाटी. पाच मागण्या, प्रत्येकीपुढे 'मान्य', 'नाही' किंवा 'पुढच्या वर्षी', आणि 'नाही'पुढे कारण एका ओळीत. 'खांब ७ : वरून ११ केव्हीची तार जाते, म्हणून नाही' असं वाचलं की मूल समजून घेतं. काहीच लिहिलं नाही तर पुढच्या वर्षी २४ च्या जागी सहा येतात.

गच्चीवरून

पाटीचा मधला भाग जमिनीपासून ११० सेंटीमीटरवर ठेवा. आपल्याकडे सगळ्या पाट्या सहा फुटांवर ठोकतात.

ओटलेकर

बरोबर. आणि खिळ्यांनी नको, तारेने बांधा. फाटक लोखंडी आहे.